कूलरचं तोंड कोणाकडे

वर्ध्यात उन्हाळ्यात कोणाच्या घरी गेलात, तर आधी कूलरचं तोंड कोणाकडे आहे ते बघावं. त्या घरात कोणाची किती चालते ते तिथंच कळतं. आमच्याकडे ते सासूबाईंच्या पलंगाकडे असतं आणि त्यावर चर्चा होत नाही. समोरच्या घरी जावई आला की ते जावयाकडे वळतं, आणि जावयाची गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी व्हायच्या आत पुन्हा घरमालकाकडे. झाडे काकांच्या घरी मात्र कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे होतं.

काका स्वतः बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, बनियन अंगाला चिकटलेलं, असे बसायचे. आणि टेबलावर तो पिवळा पडलेला जुना डबा थेट खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वारा खात असायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"काका, घरजावई आहे का हा?"

"मॅडम, माणसाले गरम झालं तर तो बोंबलते. मशीन कोणाले सांगन?"

गेल्या हिवाळ्यात काका गेले. यंदा होळी झाल्यावर आम्ही कूलर बाहेर काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, आणि त्या ओल्या खसाच्या वासाबरोबर काका समोर येऊन बसले. म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर मी शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी बाई, लिहिणं हा काही माझा प्रांत नाही.

त्यांची माझी ओळख समुद्रपूरच्या बसस्थानकावरची. मला तिथल्या शाळेत पहिली नोकरी लागली होती आणि मी वर्ध्याहून अपडाऊन करायची. मधुकरराव झाडे तिथले कंट्रोलर. जाळीच्या खिडकीआड बसून गाड्या लावायच्या, नोंदी करायच्या आणि भोंग्यावर पुकारा करायचा हे त्यांचं काम. माईक सुरू असताना ते अगदी पुस्तकी बोलायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" वगैरे. अडचण अशी की पुकारा संपल्यावर माईक बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. मग ते ड्रायव्हरशी जे बोलायचे ते सगळ्या स्टँडला ऐकू यायचं, "अबे थांब ना गजानन, काऊन घाई करून राह्यला? मॅडम पळत येऊन राह्यल्या. चप्पल तुटली वाटते त्यायची." आणि अख्खं स्टँड माझ्या पायांकडे बघायचं.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच खिडकीवर गेले. म्हटलं, माझं नाव माईकवर घ्यायचं नाही.

"नाव कुठं घेतलं मॅडम?" ते शांतपणे म्हणाले, "चपलीचं घेतलं."

गाडी वेळेवर सुटली पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता, पण पळत येणाऱ्या माणसाला टाकून सुटू नये यावरही होता. दोन्ही एकदम कसं जमतं असं मी विचारलं, तर म्हणाले, "पळणारा माणूस दिसला का माही घडी थोडी मांगं पडते. जुनी घडी आहे." त्या जुन्या घड्याळाने मला कितीदा घरी वेळेवर पोचवलं, ते आठवलं की आता लाज नाही वाटत, बरं वाटतं.

पुढे मी वर्ध्यात बदलून आले, काका निवृत्त झाले, आणि एके दिवशी आमच्या नालवाडीत भाजीच्या गाडीपाशी कोणी तरी माझ्या पायांकडे बघून म्हणालं, "नवी घेतली वाटते." आमच्या पलीकडच्या गल्लीतच त्यांचं घर निघालं. काकू आधीच गेल्या होत्या. घरात काका, मुलगा सचिन आणि सून वैशाली. सचिन घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायचा. देखणा, हसरा आणि डॉक्टरकडे जायचा कंटाळा असलेला. कावीळ अंगावर काढली त्याने, आणि ती त्याला घेऊनच गेली.

त्यानंतर बरेच महिने त्या घराचं फाटक वाजलं नाही. आणि मग एका संध्याकाळी काका आमच्या दारात उभे, हातात पेनड्राइव्ह, देवळातून प्रसाद आणावा तसा धरलेला.

"मॅडम, मले टायपिंग शिकवा. सचिनचं एक काम राह्यलं आहे."

ते काम म्हणजे परिचय पुस्तिका. आमच्याकडे प्रत्येक समाजाचा वर्षातून एकदा उपवर मुलामुलींचा मेळावा भरतो आणि त्याच्या आधी एक जाडजूड पुस्तिका निघते. पानापानावर फोटो, उंची, शिक्षण, मामाचं आडनाव आणि शेवटी 'अपेक्षा'. काकांच्या समाजाची पुस्तिका सचिन फुकट जुळवून द्यायचा. आता ती काका करू लागले, एका बोटाने. मेळावा दिवाळीनंतर, पण पुस्तिका पावसाच्या आधी प्रेसला द्यायची, म्हणजे सगळं काम भर उन्हाळ्यात.

बसस्थानकावरची खिडकी सुटली होती, पण सवारी बसवायची सवय काही सुटली नव्हती. कोणाचा फोन आला की विचारायचे, "पोरगा घरी चहा करते काय? नाई? मंग शिकवा, अजून वेळ आहे." एका मुलाच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'स्वभाव तापट, पण लवकर निवतो.' मुलाचा बाप भांडत आला. काका म्हणाले, "तुमीच तर सांगतलं फोनवर. पुढचं वाक्य मी पदरचं टाकलं, ते काढू काय?" बापाने विचार केला आणि दोन्ही राहू द्या म्हणाला.

समितीशी मात्र त्यांचं खरंखुरं वाजलं ते एकाच गोष्टीवरून. विधवा आणि घटस्फोटित मुलींची पानं पुस्तिकेत अगदी शेवटी, वेगळ्या रंगाच्या कागदावर टाकायची पद्धत होती. काकांनी ती सगळी पानं उचलून नावाच्या क्रमाने बाकीच्या मुलींमध्ये मिसळून टाकली. अध्यक्ष म्हणाले, लोक नाराज होतील. काका म्हणाले, "त्यायले मांगच्या सीटवर काऊन बसवायचं? तिकीट तर सारखंच आहे." तेव्हापासून तो रंगीत कागद बंद झाला.

आता त्या बिघाडाकडे येते.

पहिल्याच उन्हाळ्यात काका भरदुपारी फाटकाशी येऊन उभे राहिले आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, अर्धा नवरदेव गायब झाला."

जाऊन पाहिलं. फोटोतला मुलगा नाकापर्यंत व्यवस्थित होता आणि नाकाखाली हिरव्या-गुलाबी पट्ट्या. दुसऱ्या एका पानावर मुलीच्या मामाचं आडनाव जाऊन तिथे चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली होती. तिसरी फाइल तर उघडतच नव्हती. काल सगळं ठीक होतं, असं काका शपथेवर सांगत होते.

व्हायरस असेल म्हणून मी तो शोधला, सापडला नाही. पेनड्राइव्ह बदलला. हार्ड डिस्क तपासली, ती ठणठणीत. काकांनी बिघडलेली पानं पुन्हा टाइप केली आणि दोन दिवसांनी वेगळीच पानं बिघडली. बाजारातल्या एका दुकानदाराने डबा न उघडताच निदान केलं, "हीट मारून राह्यला, थंडा ठेवा." काकांना ते पटलं, कारण त्यांचं स्वतःचंही निरीक्षण तेच होतं. हिवाळ्यात टायपिंग शिकत होते तेव्हा एकही फाइल बिघडली नव्हती, उन्हाळा लागला आणि बिघडायला लागल्या. म्हणजे दोष उन्हाचा. मलाही तर्कात खोट दिसली नाही. तेव्हा कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे वळलं. बिघाड वाढला तसा कूलर जवळ सरकला. पुढच्या उन्हाळ्यात बिघाड आणखी वाढला, कूलर आणखी सरकला. शेवटी दोघांमधून मांजरही गेलं नसतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात काका मला म्हणाले, "यंदा एक पान आपल्या घरचं आहे."

वैशाली तेव्हा चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि आत गेली. ती बालवाडीत शिकवायची. वडनेरला तिचं माहेर, पण आईवडील राहिले नव्हते आणि भावाचं बोलावणं नसायचं. पुन्हा लग्नाचं नाव काढलं की ती उठून जायची. गल्लीत लोक बोलायचे, सासरा आणि तरुण विधवा सून, दोघंच घरात. मी काकांना विचारलं, लोकांना भिऊन करताय का हे?

"मी लोकायले नाई भेत," काका म्हणाले, "घड्याळाले भेतो. माही गाडी तर फलाटावर लागली आहे, मॅडम. मी गेल्यावर ही पोरगी या घरात कोणाच्या तोंडाकडे पाहीन?"

हे आतून वैशालीने ऐकलं असावं. दोन-चार दिवसांनी तीच म्हणाली, "टाका पान, मामाजी. पुढचं पुढं पाहू." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

आणि नेमकं तिचंच पान बिघडायला लागलं. इतरांची कधीमधी बिघडत, तिचं सारखं. एकदा फोटोत कपाळाच्या खाली नुसता राखाडी रंग. एकदा नावच गेलं. एकदा तर फाइल उघडली आणि आत काहीच नाही, कोरं पान. काका पुन्हा टाइप करायचे, पुन्हा फोटो चढवायचे. प्रेसला द्यायची तारीख जवळ येत होती. काका दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. मला वाटलं, ऊन बाधलं असेल.

एका दुपारी मी त्यांची भाजीची वाटी परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलरची घरघर चालू होती, म्हणून माझी चाहूल त्यांना लागली नाही. कॉम्प्युटरपुढे उदबत्ती लावलेली होती आणि काका त्या डब्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलत होते.

"जाऊ दे ना बापू तिले. मी आहो ना तुह्यापाशी."

मी तशीच उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं, पण हात काढला नाही.

"मॅडम, तुमी शिकलेल्या आहा. हसू नका. हे सचिनचं मशीन आहे. बाकी सगळ्यायचे पानं राह्यतात अन् वैशालीचंच पुसल्या जाते. पोराची इच्छा नसन काय?"

मी हसले नाही. मला रडू आलं की आधी राग येतो, तसा तो आला. त्या डब्याचा, त्या दुकानदाराचा, आणि त्या बिचाऱ्या सचिनचासुद्धा. इतके दिवस हा माणूस हे मनात घेऊन बसला होता की काय, या विचाराने तर फारच आला. "बसा तुम्ही," म्हणून मी घरी गेले आणि मेमरी तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन आले. कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे काम चालू असताना तो जिथे सगळं तात्पुरतं धरून ठेवतो ती जागा. डिस्क मी कितीदा तपासली होती, हिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तपासणी सुरू केली आणि थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळी धडाधड खाली यायला लागल्या.

"हे लाल काय?" काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मी बटण बंद केलं, वायर काढली, डबा उघडला. मेमरीची पट्टी उपसून हातात घेतली. तिच्या कडेला सोनेरी दाते असतात. त्यांच्यावर पांढरा थर चढला होता आणि पट्टी बसायच्या खाचेतही तोच. हा थर मी रोज बघते. नालवाडीतल्या बोअरच्या पाण्याचा तो, आमच्या तापवायच्या भांड्याच्या बुडाशी असतो तोच. मी कूलरच्या जाळीवरून बोट फिरवलं. तिथेही तेच. काकांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःचं बोट जाळीवरून फिरवून जिभेला लावलं.

"खारं आहे," ते म्हणाले.

मग मी त्यांना समजावलं. कूलर नुसता वारा देत नाही, वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक तुषारही देतो. तो आधीपासून याच खोलीत होता, आणि तोंड वळवल्यापासून तर हा तिसरा उन्हाळा, हे खारं पाणी थेट डब्याच्या आत जाऊन वाळत होतं. पट्टी गंजली, धरायला दिलेलं ती नीट धरू शकत नव्हती, आणि चुकीचं धरलेलं तसंच फाइलमध्ये उतरत होतं. हिवाळ्यात कूलर नसतो, म्हणून तेव्हा त्रास कमी.

"पण वैशालीचंच काऊन?"

"तिचं पान तुम्ही किती वेळा उघडता?"

काका बोटांवर मोजायला लागले. आतून वैशाली म्हणाली, "रोज. रोज उघडून एखादा शब्द बदलवतात. काल 'मनमिळाऊ' काढून 'समजदार' केलं." ती कधी येऊन दारात उभी राहिली होती कोण जाणे.

"जितक्यांदा उघडून सेव्ह कराल, तितक्यांदा बिघडायची पाळी," मी म्हटलं. "बाकीची पानं तुम्ही एकदा टाकून सोडून दिली. हिचं सोडवेना तुम्हाला."

काकांनी उघड्या डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मंजे पोराचं काही म्हणणं नव्हतं?"

"नाई काका. बोअरच्या पाण्याचं होतं."

ते हसायला लागले, आणि हसता हसता डोक्यावरचा ओला दुपट्टा काढून तोंडावर धरून रडले. वैशालीने पुढे होऊन कूलरचं बटण बंद केलं. आम्ही दोघी उगाच इकडेतिकडे बघत उभ्या राहिलो.

असे दाते पुसायला खोडरबर चांगलं. मी मागितलं, तर वैशालीने बालवाडीच्या पिशवीतून काढून दिलं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, वासाचं. मी पट्टी पुसत होते आणि खोलीभर तो गोड वास. पट्टी पुन्हा बसवली, तपासणी लावली. या वेळी लाल काही आलं नाही. पण खाच आतून गंजली होती. मी काकांना स्पष्ट सांगितलं, हे फार दिवस टिकायचं नाही, पुस्तिका एवढी बाहेर काढू आणि याला विश्रांती देऊ.

काकांनी मान डोलावली. "बसू द्या मंग त्याले. रिटायर झाला."

ती दुपार मी विसरणार नाही. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलर बंद, आणि आम्ही तिघं त्या भट्टीत बसून एकेक पान उतरवून घेत होतो. दोनदा कॉपी करायचं, दोन्ही सारख्या आहेत का तपासायचं, मग पुढचं. वैशालीचं पान आलं तेव्हा काका सवयीने पुढे सरसावले. ती म्हणाली, "सरका मामाजी, मी टाकते."

तिने 'समजदार' तसंच ठेवलं. 'स्वयंपाकात निपुण' खोडलं. 'अपेक्षा' या रकान्यात काकांनी 'निर्व्यसनी, नोकरी अथवा व्यवसाय' असं लिहिलं होतं. त्यापुढे तिने टाइप केलं, 'दर उन्हाळ्यात माहेरी, नालवाडीला, येऊ देणारा.'

"अशी अपेक्षा कोण लिहिते?" काका म्हणाले.

"मी."

"अन् माहेर तर वडनेर आहे तुह्यं."

"ते भावाचं घर आहे," ती म्हणाली आणि सेव्हचं बटण दाबलं. काकांनी पुन्हा दुपट्टा शोधला, तो खुर्चीखाली पडला होता.

पान छापून आलं, पूर्ण चेहऱ्यासकट. मेळाव्याच्या आधीच हिंगणघाटहून एक फोन आला. पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान असलेला, पहिली बायको गेलेली. काकांनी चहाचा प्रश्न विचारला, तो त्याने निभावला. मग म्हणाला, "ते उन्हाळ्याचं वाचलं मी. येऊ देईन जी, पण तिकडं कूलर चांगला आहे ना?" काकांनी फोन ठेवला आणि मला सांगायला उन्हातच निघाले. लग्नात चार शब्द बोलायला त्यांच्या हातात माईक दिला. आयुष्यभर माईकवर बोललेला माणूस, पण आवाज निघेना. त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि मीही काही बोलू शकले नाही. शेवटी वाढपी लोकांनी पंगत बसवली.

त्यांना मी नीट बघितलं ते शेवटचं गेल्या मे महिन्यात. वैशाली बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी आली आहे असं कळलं, म्हणून मी दुपारीच गेले. कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, वर वैशालीने विणलेलं झाकण आणि त्यावर काकांचा चष्मा. खोलीच्या मधोमध झोळी बांधलेली, तिच्यात मुलगी झोपलेली, आणि कूलरचं तोंड झोळीकडे. काका पलीकडे खुर्चीत, डोक्याला ओला दुपट्टा, बनियन घामाने भिजलेलं, हातात झोळीची दोरी.

"बाबा, हवेत बसा ना थोडं," वैशाली आतून म्हणाली. मामाजी म्हणणं तिने कधी सोडलं, मला कळलं नव्हतं.

काकांनी तोंडावर बोट ठेवून मला जवळ बोलावलं. कूलरमागे पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन उभे होते, एक रिकामा, एक अर्धा. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं म्हणाले,

"बोअरचं बंद केलं, मॅडम. फिल्टरचं टाकून राह्यलो. लेकराले तर काही होत नाई ना याच्यानं?"

"काही होत नाई, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि उठून कूलर झोळीकडे आणखी थोडा सरकवला.